पाणलोटाची पुढची पन्नास वर्षे : प्रस्तावना

जुलै उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत धरणसाठ्याचे आकडे रोज येऊ लागतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी, हे पुणेकरांना तोंडपाठ असते. पण हे पाणी ज्या डोंगरउतारांवरून येते, त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आंबी, मोसी आणि मुठा या नद्यांची खोरी पुढच्या पन्नास वर्षांत कोणकोणती रूपे घेऊ शकतील आणि त्यांसाठी आज काय ठरवावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

धरणाचे नियोजन आजवर मागच्या पावसाच्या नोंदींवर होत आले. किती वर्षांत किती येवा (धरणात येणारे पाणी) भरवशाचा, हे त्यावरून ठरते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराचा हा भरवसा पार मोडला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तिथला पाऊस घटला आणि धरणांतला येवा त्याहून कितीतरी अधिक घटला, कारण कोरडी जमीन पहिले पाणी स्वतःच पिऊन टाकते. शेवटी २००६ मध्ये क्विनाना येथे समुद्राचे पाणी गोडे करून शहराला पुरवावे लागले.

म्हणून एका सरासरीऐवजी अनेक भविष्यचित्रे. ही पद्धत हर्मन कान यांनी युद्धनीतीसाठी घडवली आणि १९७० च्या दशकात पिएर वाक यांनी शेल कंपनीत ती रुजवली. पाण्याकडे ती उशिराच वळली.

मुठा खोऱ्यात ती लावून पाहा. टेमघरला धो धो पाऊस कोसळत असतो, त्याच दिवशी खडकवासल्याला नुसती भुरभुर असते. समजा पावसाचा वार्षिक आकडा तोच राहिला, पण तो मोजक्या दिवसांत पडू लागला. समजा उतार फोडून प्लॉट पाडले गेले. मग पहिल्याच मोठ्या पावसात तांबडी माती ओढ्यातून वाहत फुगवट्यात येऊन बसते आणि साठवण दरवर्षी थोडी थोडी कमी होते. त्यात शहराची हद्द वाढतेच आहे : २०१७ मध्ये ११ गावे, २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांना त्याच साठ्यातून आवर्तन हवे असते, आणि त्यांची मागणी रास्त आहे. हे सारे एकाच वर्षी जुळून आले तर?

भाकीत खरे ठरवणे हे या पद्धतीचे काम नव्हे. आजचा निर्णय यांतल्या प्रत्येक चित्रात टिकतो का, हे ती तपासते. माझ्या मते उतारांवरची झाडी राखणे, गळती रोखणे आणि शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला देणे हे तिन्ही निर्णय या कसोटीला उतरतात. नव्या धरणाची भिस्त मात्र त्याच जुन्या नोंदींवर असते.

अभियंते, वनाधिकारी, ग्रामसभांचे सदस्य आणि विद्यार्थी या सर्वांसाठी हे पुस्तक आहे. गणिताची भीती बाळगू नये. एकच विनंती : पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी आपल्या गावाच्या पाणलोटाचा नकाशा मिळवा आणि तो शेजारी ठेवून वाचा.