कागद पांढरा कशाने होतो?

या भागाचं रेकॉर्डिंग मी देवगडात केलं. मागे मधूनच कोंबडा ऐकू आला असेल तर सांभाळून घ्या. इथे लिहून काढताना तो गाळलाय.

विषय निघाला तो एका ट्रंकेतून. देवगड तालुक्यातल्या एका जुन्या घरात मला दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघता आले. एक मोडीतला, जमिनीच्या कबुलायतीचा, पेशवाईच्या अखेरच्या काळातला. या पट्ट्यात अशा कागदांना तोटा नाही. १७५६ मध्ये विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला आणि पुढे पेशव्यांच्या आरमाराचा सुभा तिथे धुळपांकडे राहिला. सुभा म्हटला की लिहिणं आलं, हिशेब आले, कागद आले. दुसरा कागद म्हणजे १९६० च्या दशकातली शाळेची वही. मोडी कागदाची घडी उघडली तर तो कापडासारखा वळला. वहीचं पान उचललं आणि कोपरा तुटून हातात आला. घरातले काका म्हणाले, "ह्या कसा रे? पणज्याचो कागद धड आसा, आणि माझ्या वहीचो मात्र चुरो!"

'पूर्वीचा माल अस्सल होता' हे उत्तर आपल्याकडे तयारच असतं. मला ते पटत नाही. पूर्वीही वाईट कागद निघत असेलच. खरं उत्तर रसायनाचं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो: झाड तपकिरी, मग कागद पांढरा कसा?

कोकणातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. एका हातात कापूस घ्या, दुसऱ्या हातात नारळाच्या सोडणाचा काथ्या. दोन्ही तंतूच. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणून पांढरा आणि मऊ. काथ्यात मात्र साधारण चाळीस टक्के लिग्निन असतं, म्हणून तो तपकिरी, राठ आणि समुद्राच्या पाण्यालाही दाद न देणारा. चिऱ्याच्या भिंतीत चिरे म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि मधला चुना म्हणजे लिग्निन, असं समजा. झाड उभं राहतं ते या लिग्निनच्या जोरावर. लाकडात त्याचं वजन साधारण पाव हिस्सा, बांबूतही जवळपास तेवढंच. झाडाला जे हवं तेच कागदवाल्याला नको असतं. म्हणून कागदाच्या इतिहासात मी एकाच प्रश्नाचा माग काढत जातो: लिग्निन गेलं कुठे?

आपल्याकडच्या जुन्या कागद्यांना हा प्रश्न फारसा पडलाच नाही. जुन्नर, दौलताबादजवळचं कागजीपुरा, खानदेशात एरंडोल ही कागदाची गावं. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव अजून आहे. हे कारागीर लाकूड वापरतच नव्हते. चिंध्या, जुनी गोणपाटं, झिजलेले दोर हा त्यांचा कच्चा माल. कापसात लिग्निन नावालाच, तागात थोडं. तुकडे करायचे, चुन्याच्या पाण्यात भिजवून मुरत ठेवायचे, ढेगीखाली कुटायचे, नदीवर धुवायचे. मग सज्जीखार, पुन्हा कुटणं, पुन्हा धुणं. हे चक्र अनेकदा फिरायचं. उरलासुरला रंग खार आणि ऊन मिळून काढत. मग लगद्यातून ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, पिठाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे शाई पसरत नाही. 'घोटीव कागद' तो हाच.

यात एक गोष्ट आपोआप घडत होती. धुऊनही चुन्याचा अंश तंतूंमध्ये राहायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याची खडू व्हायची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पुढे दोनशे वर्षांत कागदात जे काही आम्ल तयार होईल ते ही खडू खाऊन टाकते. कुणी मुद्दाम केलेली योजना नव्हे ती, पण लागू पडली. तो कागद पांढराशुभ्र मात्र कधीच नव्हता. साईच्या रंगाचा, थोडा बदामी. कुणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

पांढऱ्याशुभ्रचा नाद लागला तो कापडापासून. युरोपात तागाचं कापड महिनोन् महिने कुरणांवर पसरून ठेवत, मध्ये मध्ये खारात आणि आंबट ताकात बुडवत. जमीन अडकायची, भांडवल अडकायचं. १७७४ मध्ये स्वीडनमध्ये शीलं नावाच्या औषधविक्रेत्याने मँगनीजचं खनिज (आपल्याकडे नागपूर-भंडारा भागात ते भरपूर आहे) आणि मिठाचं आम्ल एकत्र तापवलं. पिवळट हिरवा, घसा पकडणारा वायू निघाला. त्यात फुलं धरली तर रंग उडाला. १८१० मध्ये डेव्हीने हे मूलद्रव्य असल्याचं ओळखून त्याला क्लोरीन नाव दिलं, पण त्याआधीच धंदा सुरू झाला होता. १७८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थोलेने हा वायू कापड विरंजनाला लावला आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून कोरडी भुकटी बनवायचं पेटंट घेतलं. ही आपली ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. महिन्यांचं काम दिवसांवर आलं, आणि रंगीत, मळक्या चिंध्यांचाही पांढरा कागद होऊ लागला.

पुढे चिंध्याच पुरेनात. वाचणारे वाढले, वर्तमानपत्रं वाढली. १८४४ मध्ये जर्मनीत केलरने लाकूड ओल्या दगडावर घासून लगदा काढला. यात लिग्निन जातच नाही, अख्खं लाकूड कागदात उतरतं. स्वस्त, पण ऊन आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं. वर्तमानपत्राचा कागद तो हा. आपल्याकडे नेपानगरला, भुसावळ-खांडवा रेल्वेमार्गावर, १९५५ मध्ये अशा कागदाचं उत्पादन सुरू झालं. सालईचं लाकूड आणि बांबू हा तिथला माल. आंब्याच्या अढीत आणि पेटीत आपण जी रद्दी घालतो, ती महिनाभर उन्हात राहिली की जी तपकिरी होते, त्यात न काढलेलं लिग्निनच बोलत असतं.

ते काढायचं तर लाकूड शिजवावं लागतं. यात जिंकली ती डाल या रसायनतज्ज्ञाची पद्धत, पेटंट १८८४ चं. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकडाच्या चिपा साधारण १७० अंशांवर शिजवायच्या. लिग्निन विरघळून काळं द्रावण होतं. लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन त्यात जातं. उरलेले तंतू इतके मजबूत की पद्धतीचं नावच 'क्राफ्ट' पडलं, जर्मन भाषेत ताकद. हापूसची पुठ्ठ्याची खोकी याच लगद्याची, न विरंजलेली, म्हणून तपकिरी. काळं द्रावण आटवून भट्टीत जाळतात. लिग्निनची उष्णता मिळते, वर रसायनंही परत हाती येतात. लिग्निन गेलं कुठे, याला इथे चोख उत्तर आहे: बॉयलरमध्ये.

पण शिजवल्यावरही तीन ते पाच टक्के लिग्निन तंतूंना चिकटून राहतं, आणि नेमकं तेच सगळ्यात गडद. आणखी शिजवलं तर सेल्युलोजच तुटायला लागतं. विरंजन सुरू होतं ते इथून. विसाव्या शतकातला बराच काळ ठरलेला क्रम असा: आधी क्लोरीन वायू, मग कॉस्टिक सोड्याने धुलाई, मग हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं भावंडच. क्लोरीन लिग्निनच्या रेणूंना जाऊन चिकटतो आणि ते खारात विरघळण्याजोगे होतात. धुलाईत चहासारखं पाणी बाहेर पडतं. हायपोक्लोराइट उरलेला रंग मारतं, पण हात सैल सोडला तर सेल्युलोजच्या साखळ्याही तोडतं. शुभ्रतेच्या नादात कागद कमजोर व्हायचा तो इथे.

आता ते चहासारखं पाणी. ते काळ्या द्रावणात मिसळून जाळावं ना? तर नाही, त्यात क्लोराइड असतं आणि ते बॉयलर खातं. मग ते जायचं नदीत. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली कळीची जागा हीच. लाकडातलं साधारण नव्वद टक्के लिग्निन कारखाना स्वतःच्या पोटात जिरवत होता, आणि शेवटचा थोडासा अंश, फक्त पांढरेपणासाठी काढलेला, क्लोरीन चिकटलेल्या अवस्थेत दुसऱ्यांच्या पाण्यात सोडत होता.

देवगडाहून सर्वांत जवळची मोठी लगदा गिरणी म्हणजे घाटापलीकडे दांडेलीची. वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी १९५५ सालची, काळी नदीच्या काठावरची. ती काळी पुढे कारवारला समुद्राला मिळते. या गिरणीची मराठी वाचकाला माहीत असावी अशी गोष्ट बांबूची आहे, आणि ती सांगितली माधव गाडगीळांनी. सिंधुदुर्गात त्यांचं नाव पश्चिम घाटाच्या अहवालामुळे घरोघरी पोचलं, बाजूने आणि विरोधातही. पण त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, कर्नाटकात बुरुडांनी बांबू मिळत नाही म्हणून ओरड केली तेव्हा त्यांनी हा प्रश्न अभ्यासायला घेतला होता. गिरणीला बांबू टनाला दीड रुपया दराने दिला होता. बुरुडाला तोच बांबू बाजारात टनामागे हजार रुपयांच्या वर पडायचा. बांबू संपत चालला होता आणि दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला जात होता. गाडगीळांनी बेटं जाऊन पाहिली. बांबूच्या बेटाभोवती खाली काटेरी फांद्यांचं जाळं असतं. गावकरी ते तसंच ठेवून वरून तोडायचे. गिरणीची माणसं तोडणी सोपी व्हावी म्हणून ते साफ करायची. मग कोवळे कोंब गुरांच्या आणि वानरांच्या तोंडी. बेट वाढणार कुठून?

आपल्या चंद्रपुरात बल्लारपूरची पेपर मिल १९४५ सालची, वर्धा नदीवरची, तीही गडचिरोली-चंद्रपूरच्या बांबूवर वाढली. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाने २०११ मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क मिळवला. तो बांबू कुणाचा, हा वाद त्याआधीची कितीतरी वर्षं पेपर मिलशीही चालला होता. पांढऱ्या वहीचा हिशेब मांडायचा तर या गावांनाही त्यात जागा द्यावी लागते.

क्लोरीनला धक्का बसला तो मात्र माशांमुळे. १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत लगदा गिरण्यांच्या खालच्या बाजूच्या नद्यांत, माशांमध्ये डायॉक्सिन सापडलं. अतिशय विषारी, चरबीत साठत जाणारं. लोक हादरले. पर्याय मुळात होते. क्लोरीन डायऑक्साइड १९४६ पासून वापरात होता. नावात क्लोरीन असलं तरी त्याचा स्वभाव वेगळा, तो लिग्निनला चिकटण्यापेक्षा त्याचं ऑक्सिडेशन करून ते फोडतो. अडचण एवढीच की तो स्फोटक, टँकरमधून आणता येत नाही, कारखान्यातच बनवावा लागतो. दुसरा उपाय ऑक्सिजनचा. खार आणि दाबाखालचा ऑक्सिजन देऊन उरलेलं जवळजवळ अर्धं लिग्निन आधीच काढायचं. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ही पद्धत कारखान्यात आली. आणि गंमत बघा, त्या पाण्यात क्लोराइड नसल्याने ते बॉयलरकडे परत नेता येतं. भारतात मोठ्या कागद गिरण्यांसाठी क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यांवर मर्यादा घालणारी सनद २००३ मध्ये आली. क्लोरीन वायू हळूहळू मागे पडला.

मग काकांच्या वहीचं काय? तिच्या कडा तपकिरी होत्या, म्हणजे लिग्निन राहिलेला स्वस्त लगदा तिच्यात होताच. पण चुरा करणारा मुख्य गुन्हेगार तुरटी. १८०७ मध्ये इलिग नावाच्या जर्मनाने जनावरी सरसाच्या खळीऐवजी राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळायची युक्ती काढली, आणि यंत्रावर ती इतकी सोयीची ठरली की पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं तिचंच राज्य चाललं. तुरटी आम्ल सोडते आणि आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत बसतं. कोकणातली दमट, उष्ण हवा त्याला मदतच करते. मोडी कागदात निदान चुना होता. वहीत काहीच नव्हतं. १९८० नंतर गिरण्या तुरटी सोडून पुन्हा खडूकडे वळल्या. त्यामुळे आजचा चांगला कागद वडिलांच्या वहीपेक्षा जास्त टिकेल. त्याची निळसर चमक मात्र विरंजनाची नाही, ती कपड्यांच्या टिनोपालच्या जातीच्या रंगद्रव्याची. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली असा कागद निळा चमकतो, जुन्नरी कागद चमकत नाही. जुना म्हणून विकायला आणलेला कागद पारखताना हे उपयोगी पडतं.

ज्यांच्या घरी मोडी दप्तर आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी. कागद वर्तमानपत्रात गुंडाळू नका. त्यातलं आम्ल चांगल्या कागदात उतरतं. धुतलेलं, नीळ किंवा खळ न लावलेलं सुती कापड बरं. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. आणि डाग पडलेत म्हणून कुणी ब्लीचचा बोळा फिरवायला सांगितला तर त्याला आधी हा भाग ऐकवा.

पुढच्या भागात शाई. बोरू आणि काजळ घेऊन येतो.