‘न सापडलेला’ डहाणू: एका किनाऱ्याकडे आलेले आणि तेथे आधीपासून असलेले

२०१३ साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत पोहोचली आणि बोर्डीची सुरूची बने मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आली. तेव्हापासून हा किनारा ‘अजून कुणाला न सापडलेला’ म्हणून दाखवला जातो. या धाग्यात त्या एका विशेषणाची तपासणी करायची आहे. कारण डहाणू शतकानुशतके कुणा ना कुणाला सापडतच आला आहे.

पारशी परंपरेनुसार संजाणवर आक्रमण झाले तेव्हा इराणशाह हा पवित्र अग्नी बोर्डीच्या पूर्वेकडील बाहरोटच्या डोंगरात नेण्यात आला आणि तेथील गुहांत बारा वर्षे जपला गेला. पुढे तो बांसदा, नवसारी असा प्रवास करत १७४२ साली उदवाड्यास स्थिरावला. म्हणजे हा परिसर आधी आश्रयस्थान होता. सहलीचे ठिकाण तो फार नंतर झाला.

दुसरी लाट इराण्यांची. यझ्द आणि आसपासच्या जरथुश्त्री समाजावर जिझिया होता, त्यात १८७१च्या सुमाराचा भीषण दुष्काळ. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे पाठवले. त्यांच्या प्रयत्नांनंतर १८८२ साली जिझिया रद्द झाला. तरी लोक येतच राहिले. काहींनी मुंबईत चहाची हॉटेले काढली, तर काहींनी डहाणू-घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात वाड्या उभ्या केल्या.

त्या वाड्यांत रुजला तो चिकू. हे झाडही परदेशीच, मूळचे दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्याच्या चिकाला तिकडे ‘चिक्ले’ म्हणतात. जुने च्युइंगगम त्याचेच. यझ्दचा माणूस मेक्सिकोचे झाड ठाणे जिल्ह्यात लावतो आणि २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळते. ‘स्थानिक’ या शब्दाचा इतका गमतीदार प्रवास क्वचितच आढळेल.

गंमत येथे संपते. ही जमीन रिकामी नव्हती.

डहाणू-तलासरीचा वारली शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कर्जात आणि कागदपत्रांत अडकून आपल्याच शेतावर कूळ होत गेला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जो जमीनदाराकडे राबे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. जमीनदार कोणत्याही एका जातीधर्माचे नव्हते. ब्राह्मण, मारवाडी, मुसलमान, पारशी, इराणी असे सगळेच त्यांत होते. छळातून पळून आलेला माणूस नव्या देशात मालक होतो, तेव्हा तो मालकासारखाच वागतो का? प्रश्न अवघड आहे, आणि वाड्यांचा इतिहास सांगताना तो सहसा टाळला जातो.

मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव आणि आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली वारली जमले. वेठ करायची नाही, असा निर्धार तेथे झाला. पावसाळ्यानंतर लढा गवत कापणीच्या मजुरीवर आला. मागणी होती पाचशे पौंडांना अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे अफवेमुळे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड हे त्यांपैकी एक. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्याचे आहे. ते वाचल्यावर बोर्डीच्या वाडीतली सावली पूर्वीसारखी दिसत नाही.

आता या किनाऱ्याच्या प्रसिद्ध शांततेविषयी. ती आपोआप टिकलेली नाही. जून १९९१च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. उद्योगांसाठी कमाल ५०० एकर, भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा. (औष्णिक वीज केंद्राला मात्र त्याआधीच परवानगी मिळाली होती.) सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारले.

३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने बंदराला संमती दिली, आणि मच्छीमारांच्या विरोधात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे.