पीडीएफ : बंदी असलेल्या पक्षाची निवडणूक आघाडी

बीदर : बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे आज कर्नाटकात आहेत; १९५२ साली ते हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या पहिल्या विधानसभेत काँग्रेसनंतर सर्वाधिक जागा होत्या 'पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट' म्हणजेच पीडीएफ या डाव्या आघाडीच्या. काही वर्षांतच ती संपली. तिची ही थोडक्यात ओळख.

आघाडी का झाली?

तेलंगणात जमीनदारांविरुद्ध १९४६ पासून सशस्त्र लढा सुरू होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता गेली, तरी लढा थांबला नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये कम्युनिस्टांनी तो मागे घेतला. निवडणूक तोंडावर होती, पण राज्यात पक्षावर बंदी. स्वतःच्या नावावर लढता येईना, म्हणून पीडीएफचं नाव पुढे आलं. सरोजिनी नायडू यांचे पुत्र डॉ. एन. एम. जयसूर्य हेही आघाडीत होते. ते मेदकमधून लोकसभेवर गेले.

निकाल काय लागला?

विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेस ९३, पीडीएफ ४२, समाजवादी ११, शेतकरी कामगार पक्ष १०, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन ५ आणि अपक्ष १४. लोकसभेच्या ७ जागाही पीडीएफला मिळाल्या. नलगोंडा इथे रवि नारायण रेड्डी यांना ३ लाख ९ हजार मतं पडली. पंतप्रधान नेहरूंना त्यांच्या मतदारसंघात २ लाख ३३ हजार होती.

विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले व्ही. डी. देशपांडे. माणूस मराठी, पण निवडून आला तेलंगणातून.

आपल्या भागात काय झालं?

आघाडीचा जोर तेलंगणात होता. बीदरची लोकसभा जागा काँग्रेसकडे गेली, तर गुलबर्ग्यातून काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले.

आघाडी का संपली?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच उरलं नाही. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरमध्ये. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात.

डाव्यांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. मराठवाड्यात ते संयुक्त महाराष्ट्र समितीकडे वळले. तेलंगणात १९५७ ला पीडीएफ पुन्हा लढली, १०५ पैकी २२ जागा मिळाल्या. पण बंदी उठल्यावर वेगळ्या नावाची गरज राहिली नव्हती; पुढच्या, १९६२ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्याच नावाने उतरले.

बीदर-भालकीच्या मराठी मतदारापुढे मात्र जमिनीच्या प्रश्नाआधी भाषेचा प्रश्न येऊन उभा राहिला. महाराष्ट्र आजही ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्यात या भागातली गावंही आहेत. एकाच विधानसभेसाठी मत देणारे शेजारी तीन राज्यांचे मतदार झाले, ते कायमचेच.