एका ठोंबाचे तीन तुकडे : यारो आणि ‘झाडाचं की जागेचं?’ हा प्रश्न

माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्याचं आयुष्य फार थोडं होतं. विषय होता रानतेरडा. पठारावर वाऱ्यात वाढलेला तेरडा बुटका दिसतो, खाली कोकणात ओढ्याकाठचा उंच दिसतो. मी ठरवलं होतं की दोन्हीकडे जायचं, पट्टीने उंची मोजायची, फरक दाखवायचा आणि लिहायचं की पठारावरचा तेरडा तिथल्या परिस्थितीशी ‘अनुकूलित’ झाला आहे. गाईडनी दोन पानं वाचली आणि एवढंच विचारलं, “हा बुटकेपणा झाडाचा आहे की जागेचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, माझ्या आराखड्याचाही तेवढाच टिकला.

तुम्ही पेट देऊन आता आराखडा लिहायला बसला असाल, तर हा प्रश्न आधीच स्वतःला विचारून घ्या. तो नीट कसा विचारायचा हे मला एका परदेशी बागेतल्या साध्या फुलझाडाने शिकवलं. त्याचं नाव यारो, शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम.

आधी झाडाची ओळख

यारो हे आपल्या शेवंतीच्या आणि सूर्यफुलाच्या कुळातलं. पानं इतकी बारीक कातरलेली की ‘मिलेफोलियम’, म्हणजे हजार पानांचं, असं नाव पडलं. ताठ दांड्यावर छोट्या छोट्या पांढऱ्या फुलांचा सपाट गुच्छ येतो. बागेसाठी केलेल्या वाणांमध्ये गुलाबी, लाल, पिवळे रंगही असतात. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका असा त्याचा मोठा पसारा आहे. आपल्याकडे ते हिमालयात, काश्मीरच्या बाजूला रानात उगवतं आणि युनानी वैद्यकात ‘बिरंजासिफ’ नावाने वापरलं जातं.

ते बहुवर्षायू आहे. थंड प्रदेशात हिवाळ्यात वरचा भाग सुकतो, पण जमिनीखालचे आडवे खोड जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. युरोप-अमेरिकेतल्या बागकाम करणाऱ्यांना या झाडाविषयी दोन गोष्टी पक्क्या माहीत असतात.

पहिली गोष्ट, त्याचे लाड करायचे नाहीत. भरपूर ऊन आणि निचऱ्याची, जरा हलकी जमीन त्याला मानवते. खत-पाणी जास्त झालं की दांडे उंच, लुसलुशीत वाढतात आणि फुलांच्या भाराने आडवे पडतात. म्हणजे उंची जागेवरही अवलंबून असते, हे त्यांना कुठल्याही प्रयोगाशिवाय ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट, दोन-चार वर्षांनी ठोंब मधून विरळ होतो, तेव्हा तो उपटून, तुकडे करून पुन्हा लावायचा. आपण शेजारणीकडून गवती चहाच्या ठोंबाचा एक तुकडा आणतो ना, अगदी तसंच. तो तुकडा म्हणजे नवं झाड नसतं, तेच झाड दुसऱ्या वाफ्यात गेलेलं असतं.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. *तेच* झाड *दुसऱ्या* जागी. झाड बदललं नाही, जागा बदलली. माझ्या आराखड्यात नेमकं हेच नव्हतं. तिथे झाडही बदलत होतं आणि जागाही.

सुरी सगळ्यांकडे होती

ठोंब कापून दोन उंचींवर लावायची कल्पना जुनी आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गास्तों बोनिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बहुवर्षायू झाडांचे दोन भाग करून एक सखल भागात, दुसरा आल्प्स किंवा पिरेनीजच्या उंचीवर लावला. वर नेलेली झाडं बुटकी झाली. इथवर ठीक होतं. पण पुढे त्यांचा दावा असा झाला की सखल भागातल्या काही जाती वर नेल्यावर चक्क डोंगरी जातींमध्ये बदलल्या. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात काम करणारे फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचेही दावे याच वळणाचे होते.

याउलट स्वीडनमध्ये ग्योटे टुरेसॉन यांनी वेगवेगळ्या जागांवरची एकाच जातीची झाडं आणून *एकाच* बागेत वाढवली. समुद्रकाठची झाडं बागेतही बरीचशी समुद्रकाठच्यासारखीच राहिली, फरक पुसला गेला नाही. म्हणजे तो फरक आनुवंशिक होता. एकाच जातीतल्या अशा जागेनुसार घडलेल्या वंशांना त्यांनी 1922 मध्ये ‘इकोटाइप’ हे नाव दिलं.

आता पेच लक्षात घ्या. बोनिए म्हणतात, जागा झाडाला बदलते. टुरेसॉन म्हणतात, झाड आपला फरक बरोबर घेऊन येतं. दोघांकडे प्रयोग आहेत. मग खरं कोण?

तीन बागा

कॅलिफोर्नियात हार्वे मनरो हॉल हे आधी क्लेमेंट्स यांचे सहकारी होते. 1923 मध्ये दोघांनी मिळून एक पुस्तकही लिहिलं होतं. पण जाती अशा सहज बदलतात यावर हॉल यांचा विश्वास बसेना. कार्नेगी संस्थेच्या पैशांवर त्यांनी 1920 च्या दशकात डोंगरउतारावर लागवडीचे प्रयोग सुरू केले. 1932 मध्ये ते वारले. काम पुढे नेलं तिघांनी: डेन्मार्कहून 1931 मध्ये आलेले जनुकशास्त्रज्ञ येन्स क्लाउसेन, वर्गीकरणशास्त्रज्ञ डेव्हिड केक आणि झाडांच्या शरीरक्रियांचा अभ्यास करणारे विल्यम हायसी. तिघांचे विषय वेगळे होते, आणि हा प्रश्न एका विषयात मावणारा नव्हताच.

त्यांच्या तीन बागा अशा होत्या. स्टॅनफर्ड, समुद्रसपाटीपासून सुमारे 30 मीटर, हिवाळा सौम्य. मॅथर, सिएरा नेवाडाच्या मधल्या उतारावर, 1400 मीटर. आणि टिंबरलाइन, योसेमिटीच्या पूर्वेकडे टायोगा खिंडीजवळ, 3050 मीटर. इथे वर्षाचा बराच काळ बर्फ, आणि उन्हाळ्यातही कधी पहाटे गारठा.

बऱ्याच जाती लावून पाहिल्या, पण सगळ्यांत बोलकी ठरली यारो. कारण ती किनाऱ्यापासून सिएराच्या माथ्यापर्यंत जवळजवळ सलग सापडते, आणि तिचा ठोंब कापता येतो. किनाऱ्यापासून माथ्यापलीकडे उतरेपर्यंतच्या पट्ट्यातून ठिकठिकाणचं बी गोळा केलं, ते स्टॅनफर्डच्या एकाच बागेत वाढवलं, आणि मग त्यांतली झाडं विभागून तिन्ही बागांत लावली.

यात दोन प्रयोग एकात एक आहेत, ते वेगळे करून बघा.

एका बागेत अनेक ठिकाणची झाडं लावली की जागा सारखी राहते, झाडं बदलतात. जो फरक उरतो तो झाडाचा.

एकाच झाडाचे तुकडे तीन बागांत लावले की झाड सारखं राहतं, जागा बदलते. जो फरक दिसतो तो जागेचा.

बोनिए यांच्याकडे मुख्यतः दुसरा प्रयोग होता, टुरेसॉन यांच्याकडे पहिला. कॅलिफोर्नियाच्या तिघांनी दोन्ही जोडले.

आणखी एक गोष्ट, कंटाळवाणी पण महत्त्वाची. यारो जमिनीखालून पसरते आणि बीही टाकते. शेजारचं रोप आपल्या वाफ्यात शिरलं आणि मूळ झाड मेलं, तर दोन वर्षांनी तुम्हाला वाटेल की झाडच ‘बदललं’. बोनिए यांच्या दाव्यांबद्दल नंतर हाच संशय सगळ्यात बळकट ठरला: आजूबाजूच्या डोंगरी जाती वाफ्यांत शिरल्या असाव्यात. म्हणून कुंपण, खुरपणी आणि प्रत्येक रोपाची नोंद, हे सगळं प्रयोगाचाच भाग आहे. सुरी तीच होती, फरक खुरप्याने पडला.

काय दिसलं?

1948 मध्ये यारोवरचा ग्रंथ निघाला. स्टॅनफर्डच्या बागेत, एकाच मातीत, उंच डोंगरावरच्या बियांची झाडं बुटकीच राहिली आणि तिथल्या सौम्य हिवाळ्यातही बहुतांशी झोपी गेली. किनाऱ्याकडची झाडं मात्र हिवाळ्यातही वाढत राहिली. म्हणजे डोंगरी बुटकेपणाचा मोठा वाटा झाडाचा होता.

पण जागाही गप्प नव्हती. एकाच झाडाचे तीन तुकडे तीन बागांत सारखे दिसले नाहीत. किनाऱ्याच्या झाडांना टिंबरलाइनचा हिवाळा सोसवत नव्हता, आणि जी तगली त्यांना बी पिकवायला उन्हाळा पुरत नव्हता. डोंगरी झाडं मात्र त्या छोट्या उन्हाळ्यात फुलून, बी धरून मोकळी होत. एका जातीची दुसरी जात झाली, असं मात्र एकदाही दिसलं नाही.

मग ‘झाडाचं की जागेचं?’ या प्रश्नाचं उत्तर काय? दोन्हींचं, हे अर्धंच उत्तर झालं. जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत यारोच्या सात झाडांचं एक चित्र हमखास असतं. प्रत्येकाचे तुकडे तिन्ही उंचींवर लावलेले. गंमत म्हणजे त्यांचा उंचीचा क्रम प्रत्येक बागेत बदलतो. एका बागेत पुढे असलेलं झाड दुसरीकडे मागे पडतं. म्हणजे ‘हे झाड जात्याच उंच’ असं जागा न सांगता म्हणताच येत नाही. एकाच जनुकीय घडणीचं झाड वेगवेगळ्या परिस्थितीत कसं कसं वाढतं, त्या आलेखाला ‘नॉर्म ऑफ रिॲक्शन’ म्हणतात. मुलाखतीत हा शब्द विचारला तर व्याख्या सांगत बसू नका, यारोचे तीन तुकडे सांगा.

चित्रात काय गळालं?

या कामाचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र तुम्ही बघितलं असेल: सिएराचा उतार, आणि त्यावर ठिकठिकाणी वाळवलेली यारोची झाडं, खाली उंच, वर बुटकी. मी एम.एस्सी.ला हेच चित्र पाठ केलं होतं, आणि समजत होते की ती झाडं त्या त्या जागी *उगवलेली* आहेत. तसं नाही. ती सगळी स्टॅनफर्डच्या बागेत वाढलेली आहेत, बी तेवढं त्या त्या ठिकाणचं. हे कळलं नाही तर चित्राचा अर्थच उलटतो.

दुसरं, मूळ चित्रात प्रत्येक झाडाशेजारी एक आलेख आहे. प्रत्येक ठिकाणच्या सुमारे 60 झाडांच्या उंचीची विभागणी त्यात दाखवली आहे. काढलेलं झाड सरासरी उंचीचं. काही आलेखांशेजारी न फुललेल्या झाडांची संख्याही दिली आहे. पाठ्यपुस्तकांच्या नकलांमध्ये बऱ्याचदा हे आलेख गळतात आणि उरतो एक छान उतरता जिना. मूळ आलेखांत मात्र एकाच ठिकाणच्या झाडांत भरपूर फरक आहे. आणि निवड होते ती त्या फरकातूनच.

जो धागा उरला

या कामात एक गाठ राहिली होती. किनाऱ्याकडच्या यारोत गुणसूत्रांचे सहा संच असतात, सिएरातल्या यारोत चार. लेखकांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी त्या दोन जाती मानल्या. पण मग किनाऱ्याची आणि डोंगराची तुलना करताना तिसरं कारण मध्ये येतं: फरक जागेनुसार झालेल्या निवडीचा, की संचांच्या संख्येचाच?

जस्टिन रॅम्झी यांनी 2011 मध्ये हा धागा उचलला. चार संचांच्या झाडांच्या संततीत कधीकधी आपोआप सहा संचांचं रोप निपजतं. अशी नवी रोपं त्यांनी शोधली आणि किनाऱ्याच्या वाळूत लावली, शेजारी त्यांची चार संचांची भावंडं आणि तिथली मूळची सहा संचांची झाडं. मूळची झाडं चार संचांच्या झाडांपेक्षा पाचपट सरस ठरली. नवी रोपं आपल्या भावंडांपेक्षा 70 टक्क्यांनी सरस ठरली. म्हणजे नुसती संख्या वाढल्यानेही फायदा होतो, पण सगळा फायदा त्यातून येत नाही, बाकीचा नंतरच्या बदलांतून आला असणार. पुन्हा तीच युक्ती: गुंतलेल्या दोन कारणांपैकी एक स्थिर धरायचं.

तुमच्या आराखड्यासाठी

मी तेरडा सोडला नाही. पण तेरडा एका पावसाळ्याचा सोबती, त्याचा ठोंब कापता येत नाही. म्हणून आता मी पठारावरचं आणि कोकणातलं बी एकाच वाफ्यात लावते, आणि पहिल्या पिढीची मोजणी निष्कर्षात धरत नाही. बी कुठल्या आईच्या अंगावर पोसलं, याचाही परिणाम रोपावर होतो. त्या रोपांचं बी घेऊन दुसरी पिढी वाढवायची आणि मग पट्टी काढायची. याला एक वर्ष जास्त लागतं. गाईडना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “लागू दे.”

तुम्ही झाडांवर काम करत नसाल. माशांवर कराल, जिवाणूंवर कराल, कदाचित दोन गावांतल्या मुलांच्या उंचीवर कराल. आराखड्यात जिथे जिथे ‘यामुळे’ हा शब्द लिहिला आहे, तिथे पेन्सिलने एक खूण करा आणि विचारा: इथे आणखी काय बदलतंय? त्यातलं काय मी स्थिर धरू शकते? आणि माझ्या वाफ्यात शेजारचं रोप शिरलं, तर मला कळेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी खुरपं घ्या. पट्टी नंतर.