मन मोकळे करण्याचे मोल

विवाहाचा किंवा प्रीतीचा विचार करणाऱ्या माणसाला दोन भये फार पूर्वीपासून वाटत आली आहेत. समोरची व्यक्ती आपल्याला फसवील, हे पहिले भय. आणि आपण जसे आहोत तसे कळल्यावर ती आपल्याला नाकारील, हे दुसरे. पहिल्या भयावर माणसाने चौकशी, साक्षी, करार असे नाना उपाय योजले. दुसऱ्यावर मात्र त्याला एकच उपाय सुचला, आणि तो म्हणजे पडदा. आपली इच्छा उघड दिसू नये, नकार थेट कानांवर येऊ नये, आणि आला तरी चारचौघांत त्याची वाच्यता होऊ नये, यासाठी प्रत्येक काळाने आपापल्या परीने हा पडदा विणला आहे.

मराठी घरांत हा पडदा म्हणजे मध्यस्थ. स्थळ सुचवावयाचे त्यानेच, मान्यता-अमान्यता कळवावयाची तीही त्यानेच. मुलगी पसंत पडली नाही किंवा देण्याघेण्याचे जमले नाही, तर ‘पत्रिका जुळत नाही’ एवढा निरोप पुरेसा होई. या तीन शब्दांत खरे कारण क्वचितच असे. पण त्या असत्यात एक सौजन्य होते. दोष ग्रहांच्या माथी जाई आणि माणसांची अब्रू राही. अर्थात ही सोय सर्वांना सारखी लाभत नसे. जिला पाहण्यासाठी पाहुणे येत, तिला वाचून दाखवावे लागे, चालून दाखवावे लागे. तिने उलट प्रश्न विचारण्याची मात्र रीत नव्हती. वडीलधाऱ्यांचे मन झाकलेले राही आणि मुलगी तेवढी उघड्यावर येई.

हा मध्यस्थ जेथे आधी दुबळा झाला, त्या इंग्लंड-अमेरिकेतील शहरांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारण अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला स्वतःविषयी काय आणि किती सांगावे, हा आजचा प्रश्न तेथे तीनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

लंडनमध्ये जॉन हॉटन नावाचा एक औषधविक्रेता शेती आणि व्यापार यांविषयी एक साप्ताहिक पत्र काढीत असे. त्या पत्रात १९ जुलै १६९५ रोजी एक अपूर्व जाहिरात छापून आली. तीस वर्षांच्या सुमाराच्या एका गृहस्थाला सुमारे ३,००० पौंडांची संपत्ती असलेल्या तरुण स्त्रीशी विवाह करावयाचा होता. स्वतःची मालमत्ता चांगली असल्याचे त्याने कळविले होते. परंतु ही गोष्ट ‘तो सांगतो’ अशी पुस्ती जाहिरातीच्या मजकुरातच होती. इंग्रजी भाषेतील अगदी आरंभीच्या विवाहविषयक जाहिरातींत हिची गणना होते, आणि पुढील सगळ्या इतिहासाचे बीज त्या एका पुस्तीत आहे. मध्यस्थ असता तर त्याने चार ठिकाणी चौकशी केली असती. तो नाहीसा होताच माणसाच्या हाती उरते ते केवळ त्याचे स्वतःचे म्हणणे, आणि ऐकणाऱ्याच्या हाती उरतो विश्वास किंवा संशय.

अशा विश्वासाची किंमत केवढी असू शकते, हे १८२८ साली साऱ्या इंग्लंडला कळले. सफोक परगण्यातील पोलस्टेड गावच्या विल्यम कॉर्डर याने मे १८२७ मध्ये मारिया मार्टेन या आपल्या प्रेयसीचा खून केला आणि तिचे प्रेत एका कोठाराच्या जमिनीत पुरले. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी त्याने लंडनच्या दोन वृत्तपत्रांत वधूसाठी जाहिरात दिली. घरातील बहुतेक माणसे नुकतीच दैवाने ओढून नेली, उरलेल्यांत एकोपा राहिला नाही, म्हणून सहृदय सोबतीण हवी, असा तिचा भाव होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यातील काही भाग खरा होता. कॉर्डरचे वडील आणि भाऊ खरोखरच थोड्या काळात वारले होते. म्हणजे मनाचा हळवेपणा दाखविणारे शब्द खरे असूनही ते मुखवट्याचे काम करू शकतात.

या जाहिरातींना उत्तरे पुष्कळ आली. त्यांतील मेरी मूर या स्त्रीशी कॉर्डरने विवाह केला. एप्रिल १८२८ मध्ये प्रेत सापडले, त्याला अटक झाली, आणि ११ ऑगस्ट १८२८ रोजी त्याला फाशी देण्यात आले. परंतु या प्रकरणाचा एक दुसरा, कमी बोलला गेलेला भाग आहे. एका जाहिरातीची उत्तरे लंडनमधील लेडनहॉल रस्त्यावरच्या एका कागदविक्रेत्याच्या दुकानी यावयाची होती. वधू आधीच मिळाल्यामुळे कॉर्डर ती नेण्यास गेलाच नाही. पन्नासच्या आसपास पत्रे तशीच पडून राहिली, आणि खुनाचा गवगवा होताच दुकानदाराने ती छापून विकली. ज्या स्त्रियांनी एका अपरिचित पुरुषाला आपली परिस्थिती, आपला स्वभाव आणि आपल्या अपेक्षा विश्वासाने लिहिल्या होत्या, त्यांचे शब्द लोकांच्या करमणुकीचा विषय झाले. त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी मन आधी उघडले. मन मोकळे करणाऱ्यापेक्षा ते मोकळेपण राखणाऱ्यावर जबाबदारी अधिक असते, ही गोष्ट त्या दुकानदाराच्या ध्यानात आली नाही. पुढेही ती पुष्कळांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणखी एक पालट झाला. तोवर मध्यमवर्गीय घरांत तरुणाने मुलीच्या घरी भेटीस जाण्याची चाल होती. बोलावणे मुलीकडून किंवा तिच्या आईकडून यावे, भेट घराच्या बैठकीत व्हावी, आणि वडीलधारी माणसे हाकेच्या अंतरावर असावीत, असे तिचे नियम होते. परंतु भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कामकरी मुलीजवळ बैठकीची खोली कोठून असणार? तिची भेट रस्त्यावर, उपाहारगृहात, नाचाच्या दालनात होऊ लागली. या भेटीसाठी ‘डेट’ हा शब्द शिकागोच्या एका वृत्तपत्रात जॉर्ज एड याच्या लेखनात १८९६ साली आढळतो. पुढे ही कामकऱ्यांची रीत वरच्या वर्गांनीही उचलली. भेट घराबाहेर गेली तशी मोकळीक वाढली. पण बाहेर पैसा लागतो, आणि पैसा बहुधा पुरुषाचा असे. त्यामुळे बोलावण्याचा अधिकारही स्त्रीकडून पुरुषाकडे गेला.

या नव्या रीतीचे एक मार्मिक निरीक्षण समाजशास्त्रज्ञ विलार्ड वॉलर याने १९३७ साली प्रसिद्ध केले. पेनसिल्व्हेनियातील एका महाविद्यालयात त्याला असे दिसले की, तरुण-तरुणींच्या भेटीगाठी हा पुष्कळ अंशी प्रतिष्ठेचा बाजार झाला आहे. मोटार, पोशाख, नृत्यातील कौशल्य यांवर मुलाची किंमत ठरे. आणि मुलीला किती मागणी आहे यावर तिची. वसतिगृहात दूरध्वनीवर बोलावणे आले की काही मुली मुद्दाम लगेच जात नसत. आपल्या नावाचा पुकारा सर्वांच्या कानी पडावा म्हणून तो दोन-चारदा होऊ देत. वॉलरचे हे चित्र सर्वत्र लागू पडते काय, याविषयी नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. परंतु १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने मांडलेले एक तत्त्व टिकून राहिले. दोघांच्या संबंधांत ज्याची ओढ कमी, त्याची सत्ता अधिक, असे ते तत्त्व होय. जो अधिक प्रेम करतो तो दुबळा ठरतो. म्हणून जो तो आपली ओढ लपवू पाहतो. मध्यस्थाचा पडदा गेला खरा. त्याच्या जागी बेफिकिरीचा पडदा आला, आणि तो प्रत्येकाला स्वतःच धरून उभे राहावे लागले.

मग हे ओझे यंत्रावर सोपविण्याची कल्पना निघाली. १९६५ साली हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ नावाचा उद्योग सुरू केला. तीन डॉलर आणि भरलेली प्रश्नावली पाठविली की संगणक अनुरूप नावे सुचवी. ग्रहांची जागा छिद्रांकित पत्रांनी घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. पण गुण जुळल्याने मने जुळतात काय? १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिनेसोटा विद्यापीठाच्या ७५२ नवागत विद्यार्थ्यांना एका नृत्यसमारंभासाठी जोड्या लावून देण्यात आल्या. संगणकाने अनुरूप जोडीदार निवडला आहे, असे त्यांना सांगण्यात आले; वस्तुतः मुलगी मुलापेक्षा उंच नसावी एवढे पाहून जोड्या यदृच्छेने लावल्या होत्या. बुद्धी आणि स्वभाव यांचा जोडीदाराच्या आवडीशी फारसा संबंध आढळला नाही. रूपाचा मात्र आढळला. एका संध्याकाळच्या भेटीत डोळ्यांना दिसते तेवढेच पोहोचते. बाकीचे पोहोचण्यास वेळ लागतो, आणि कोणीतरी बोलावे लागते.

ते कसे बोलावे, याचाही अभ्यास पुढे झाला. सिडनी जुरार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात स्वतःला प्रकट करण्याचा मानसिक आरोग्याशी असलेला संबंध मांडला. १९९७ साली आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अपरिचितांच्या जोड्यांना ३६ प्रश्न देण्यात आले. आरंभीचे प्रश्न हलके, आणि पुढचे उत्तरोत्तर अंतरंगाकडे नेणारे. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यावयाचे असे. शेवटच्या प्रश्नात तर स्वतःची एक अडचण सांगून त्यावर समोरच्याचा सल्ला मागावयाचा होता. नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटली. हे प्रेम निर्माण करण्याचे यंत्र आहे, असा त्या संशोधकांचा दावा नव्हता. परंतु त्या प्रयोगाची घडण सूचक आहे. एकदम सर्वस्व उघडे करावयाचे नाही, आणि एकट्यानेही करावयाचे नाही. एक पायरी याने उतरावी, एक त्याने. लेडनहॉल रस्त्यावरच्या पत्रांच्या नशिबी जे आले नाही, ते येथे होते: उत्तर.

आजची स्थिती या साऱ्या इतिहासाची बेरीज आहे. १९९५ साली संगणकजालावर स्थळे दाखविणारी ‘मॅच’ ही सेवा सुरू झाली, आणि २०१२ साली ‘टिंडर’ भ्रमणध्वनीवर आले. २०१७ साली ओळख झालेल्या अमेरिकेतील स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडप्यांची गाठ अशाच मार्गाने पडली होती. येथेही पडदा आहेच. दोघांची पसंती जुळली तरच संभाषण सुरू होते, म्हणून नाकारले गेल्याचे कोणाला कळतही नाही. बोलणे सुरू झाल्यावर नको वाटले तर काही न कळविता गप्प होता येते. पत्रिकेची सबबही द्यावी लागत नाही. आणि हॉटनच्या त्या पुस्तीचे काय झाले? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कमधील अशा ८० व्यक्तींची उंची, वजन आणि वय प्रत्यक्ष पडताळून पाहण्यात आले. ८१ टक्के लोकांनी यांपैकी निदान एक गोष्ट खोटी सांगितली होती. परंतु ही असत्ये बहुधा लहान होती; उंची थोडी वाढविलेली, वजन थोडे उतरविलेले. ही फसवेगिरी लुबाडण्यासाठी नाही. प्रत्यक्ष भेटीपूर्वीच नकार येईल, या भीतीने टाकलेले ते अर्धे पाऊल आहे. भेट व्हावी अशी आशा असते, म्हणूनच असत्यही आवरून धरलेले असते.

तीन शतकांच्या या प्रवासात साधने पुष्कळ बदलली, आणि प्रत्येक साधनाने नकाराची वेदना कमी करण्याचे वचन दिले. ती वेदना काही अंशी कमी झालीही असेल. परंतु ज्या पडद्याने नकार अडतो, त्याच पडद्याने ओळखही अडते. कोणीतरी आधी बोलावे लागते, आणि जो आधी बोलतो त्याचा हात खाली असतो. हे वॉलरने सांगितले ते खरेच आहे. म्हणून अशा माणसाला वाव द्यावयाचा तर धैर्याचा उपदेश त्याला एकट्याला करून भागणार नाही. त्याचे शब्द ऐकणाऱ्यानेही काही पाळले पाहिजे. आलेले पत्र चव्हाट्यावर मांडू नये, नको असेल तर तसे सभ्यपणे कळवावे, आणि हवे असेल तर आपणही एक पायरी उतरावी. मध्यस्थ गेल्यावर त्याचे सौजन्य कोणी सांभाळावयाचे, या प्रश्नाला आता दोघांनीच उत्तर द्यावयाचे आहे.