पोरबंदरची रेघ

४ डिसेंबर जवळ आला की गेटवेला नौदलाचा सोहळा असतो. गिरगाव-लालबागची मंडळी पोराबाळांना घेऊन जातात. १९७१ ची कराची सगळ्यांना पाठ असते. पण १९६५ च्या लढाईत आपलं नौदल कुठं होतं, असं विचारलं की सगळे गप्प.

तेव्हा नौदलप्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. कटारींनंतरचे दुसरे भारतीय प्रमुख. माणूस कच्चा नव्हता. १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ताफ्याची कमान त्यांच्याकडेच होती. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. म्हणजे दोन्ही खुर्च्यांवर मराठी माणूस.

लढाईत सोमणांच्या हाती संरक्षण मंत्रालयाचा लेखी हुकूम पडला. मुंबईपासून २०० मैलांपलीकडे जायचं नाही, आणि आपणहून हल्ला करायला पोरबंदरच्या रेघेच्या वर जायचं नाही. आता जरा नकाशा काढून बघा. द्वारका, ओखा त्या रेघेच्या वर. कराची तर आणखी वर!

७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौका द्वारकेसमोर आल्या, तोफा डागल्या आणि निघून गेल्या. नुकसान किरकोळ, बरेच गोळे फुटलेच नाहीत. आपली ‘तलवार’ ओख्याला दुरुस्तीत अडकलेली. ‘विक्रांत’ इथं मुंबईच्या गोदीत. (ती बुडवल्याची आवईही पाकिस्तानने उठवली होती.)

सोमण हुकूम बदलून घ्यायला चव्हाणांकडे गेले, मग थेट पंतप्रधान शास्त्रीजींकडे. तिथंही नकार. राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती, त्यांना भेटू का, इथपर्यंत त्यांनी विचारलं. शास्त्रीजी हसून म्हणाले, गरज नाही. विषय संपला. सोमणांनी हुकूम पाळला.

सरकारलाही कारणं होती. लढाई समुद्रावर पसरू द्यायची नव्हती, आणि इंडोनेशियाचे सुकार्नो पाकिस्तानकडे झुकलेले, त्यामुळे अंदमान-निकोबारची काळजी. मान्य. पण रेघ मंत्रालयाने मारली आणि ‘नौदलाने काय केलं?’ हे टोमणे खाल्ले नौदलाने, हे मला आजही पटत नाही. चव्हाणांची संरक्षणमंत्री म्हणून कामगिरी मोठीच. पण ती सांगताना आपण हे पान हळूच उलटतो.

पाकिस्तान आजही ८ सप्टेंबरला, द्वारकेसाठी, नौदल दिन साजरा करतो. १९७१ ला आपल्या क्षेपणास्त्र नौका पोरबंदरची रेघ ओलांडून कराचीवर गेल्या, तेव्हा सोमणांना निवृत्त होऊन साडेपाच वर्षं उलटली होती.