'स्काय', 'स्किन', 'स्कर्ट' : इंग्रजीतील 'स्क'चा इतिहास

#थ्रेड

१/ इ.स. ७९३. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांनी हल्ला केला. मठ लुटला गेला, तेथील साधू मारले गेले. व्हायकिंग म्हटले की आजही हीच लूट डोळ्यांसमोर येते. परंतु त्याच लोकांचा एक निराळा पुरावा आजच्या इंग्रजीत शिल्लक आहे : 'स्क' हा लहानसा ध्वनी.

२/ प्रथम हे दोन गट पाहा. 'शिप', 'फिश', 'शू', 'शर्ट' हा पहिला. 'स्काय', 'स्किन', 'स्किल', 'स्कर्ट' हा दुसरा. पहिल्या गटातील शब्द मूळच्या इंग्रजीचे. त्यांतही पूर्वी 'स्क' होता, पण जुन्या इंग्रजीच्या काळातच तो मऊ होऊन त्याचा 'श' झाला. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत मात्र तो कठोरच राहिला. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये माशाला आजही 'फिस्क' म्हणतात.

३/ यावरून अभ्यासकांच्या हाती एक कसोटी आली. घरचा 'स्क' जर 'श' झाला असेल, तर ज्या शब्दात तो अजून टिकून आहे, तो शब्द बहुधा नंतर बाहेरून आलेला असणार. अर्थात बाहेरून येण्याच्या वाटा अनेक होत्या. 'स्कूल' ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला. क्रिकेटरसिकांचा 'स्किपर' डच दर्यावर्दींकडून आला. तरीही रोजच्या वापरातील कित्येक छोट्या शब्दांची वाट नॉर्सकडेच जाते.

४/ हे शब्द आले कसे? ८६५ मध्ये व्हायकिंगांचे मोठे सैन्य इंग्लंडमध्ये उतरले आणि पुढील काही वर्षांत एकामागून एक राज्ये कोसळली. ८७८ मध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने एडिंग्टन येथे गुथ्रम या व्हायकिंग राजाचा पराभव केला. पुढे दोघांत सीमा ठरवणारा तह झाला. उत्तरेचा आणि पूर्वेचा मुलूख 'डेनलॉ', म्हणजे डेन लोकांच्या कायद्याचा प्रदेश, म्हणून ओळखला जाऊ लागला. यातील 'लॉ' हा शब्दही नॉर्सच!

५/ या काळाची वर्षवार नोंद ठेवणारी 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' ही इंग्रजांची बखर. तिच्या ८७६ च्या नोंदीत एक मोलाची गोष्ट आहे : हाफडान या व्हायकिंग नेत्याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांना वाटून दिली आणि ते नांगरट करू लागले. लुटारू शेतकरी झाला, की त्याला शेजारी लाभतो. आणि शेजाऱ्याशी बोलावेच लागते.

६/ दोन्ही भाषा एकाच जर्मानिक कुळातल्या, त्यामुळे बऱ्याच अंशी एकमेकांना कळणाऱ्या. मग एकाच मुळाचे दोन शब्द शेजारी शेजारी नांदू लागले. इंग्रजांचा 'शर्ट' आणि नॉर्सांचा 'स्किर्टा' हे मुळात एकाच वस्त्राचे नाव. कालांतराने अर्थाची वाटणी झाली : वरचे वस्त्र 'शर्ट', खालचे 'स्कर्ट'. आपल्याकडे 'क्षेत्र' आणि 'शेत' यांचे झाले, तसेच हे.

७/ 'स्काय'ची कथा आणखी रंजक. नॉर्समध्ये त्याचा अर्थ होता 'ढग'. आकाशासाठी इंग्रजांचा स्वतःचा शब्द 'हेवन'. पुढे 'हेवन' प्रामुख्याने देवाघरचा झाला आणि ढगाचे नाव साऱ्या आकाशाला मिळाले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. 'आभाळ' या शब्दाच्या मुळाशी ढगवाचक 'अभ्र' आहे, आणि 'आभाळ आले आहे' असे म्हणताना आपणही ढगांविषयीच बोलत असतो.

८/ 'स्किन' म्हणजे नॉर्समध्ये जनावराचे कातडे. इंग्रजांचा 'हाइड' माणसाच्या त्वचेलाही चालत असे. आज स्थिती उलटली आहे : माणसाला 'स्किन', जनावराला 'हाइड'. आणि 'स्किल'? त्याचा मूळ अर्थ भेद ओळखण्याची शक्ती, म्हणजे आपल्या भाषेत विवेक. हाताचे कसब हा अर्थ नंतरचा.

९/ अशी स्पर्धा 'स्क'पुरतीच मर्यादित नव्हती. अंड्याला इंग्रजांचा 'आय' आणि नॉर्सांचा 'एग' असे दोन शब्द होते. इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० च्या एका प्रस्तावनेत किस्सा दिला आहे : एका व्यापाऱ्याने दक्षिणेकडे एका बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! दुसऱ्याने 'आयरेन' म्हटले, तेव्हा कुठे तिला उमगले. अखेर नॉर्स शब्दच जिंकला.

१०/ हे सारे प्रेमाने घडले, असे समजू नये. १३ नोव्हेंबर १००२ रोजी राजा एथेलरेड याच्या आज्ञेने इंग्लंडमधील डेन लोकांची कत्तल झाली. ऑक्सफर्डमध्ये आश्रयासाठी चर्चमध्ये शिरलेल्यांसह ते चर्चच पेटवण्यात आले. पिढ्यानपिढ्या शेजारी राहिलेली माणसे एका हुकुमाने परकी ठरली.

११/ माणसे अशी वेचून मारता आली; शब्द मात्र वेचून काढता आले नाहीत. ते घराघरांत, बाजारांत, मुलांच्या बोलण्यात मुरलेले होते. 'ते' या अर्थाचे सर्वनाम 'दे' हेसुद्धा इंग्रजीने नॉर्सकडूनच घेतले. परक्यांना 'ते' म्हणून वेगळे काढायचे, तर आज इंग्रजीत त्यांचाच शब्द वापरावा लागतो.

१२/ बखरी लिहिणारे बहुतांशी मठांतील साधू होते आणि घाव मठांवर पडले होते. त्यामुळे त्यांनी आगी नोंदवल्या, ते योग्यच. पण एका बांधावर उभे राहून आभाळाविषयी बोलणाऱ्या दोन शेतकऱ्यांची नोंद कोणी ठेवायची? ती 'स्काय'ने ठेवली. भूतकाळ अभ्यासताना कागदपत्रे अवश्य तपासावीत. त्याबरोबरच आपल्या तोंडचे शब्दही तपासावेत.